पाडव्याची पूर्वचाचणी

तेवीस फॉर्मांपैकी एकोणीस फॉर्मांवरच्या खुणा शून्य पूर्णांक पाच मिलिमीटर शिशाच्या पेन्सिलीनं केलेल्या होत्या. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची, दाब कुठेही वाढलेला नाही, आणि खुणेचं टोक चौकोनाबाहेर जरासुद्धा गेलेलं नाही. चौकोन मीच पट्टीनं आखले होते, बाजू सहा मिलिमीटर. एवढ्याशा जागेत इतकी नेटकी खूण करायला हाताला वर्षानुवर्षांची सवय लागते. उरलेल्या चार फॉर्मांवर साधं निळं बॉलपेन होतं आणि त्यातल्या एकावर हळदीच्या बोटाचा ठसा.

असली पेन्सिल शर्टाच्या खिशात घेऊन फिरणारी माणसं आमच्या ओळखीत बरीच होती. ती सगळी डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांत इंजिनियर होती. फॉर्म मात्र बायकांनी भरायचा होता.

हे १९८६ सालच्या एप्रिलमधलं. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर बाळ सबनीस तीन आठवडे भारतात जाऊन आले आणि त्यातले चार दिवस त्यांनी आंबेखुर्द नावाच्या खेड्यात काढले. संक्रांतीच्या कार्यक्रमाला त्यांनी आम्हाला ऐंशी स्लाइड्स दाखवल्या. ऐंशीच, कारण प्रोजेक्टरच्या चक्रात तेवढ्याच बसतात. डोक्यावर हंडा घेतलेली मुलगी, कडेवर मूल घेतलेली मुलगी, हंडा आणि मूल दोन्ही घेतलेली मुलगी. डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत. त्यांचा आवाज खोल आणि सावकाश असल्यामुळे पंचेचाळिसाव्या स्लाइडपर्यंत बराच हॉल शांत झाला होता.

"या मुलींना कोणी विचारतच नाही," डॉक्टर म्हणाले. "लग्न केव्हा, मूल केव्हा, किती, काम करायचं की नाही. सगळं दुसरेच ठरवतात. दिस हॅज टू चेंज. निर्णय तिचा तिनं घ्यायला हवा!"

टाळ्या झाल्या. बायकांनी जास्त वाजवल्या, कारण त्यानंतर जेवण होतं आणि ते गरम करायला त्यांना उठायचं होतं.

तिथल्या तिथे समिती नेमली गेली. गावातल्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलींना शिवणकाम शिकवायचं, कमाई त्यांच्याच हातात द्यायची आणि पाळणा केव्हा हलवायचा हे त्यांचं त्यांना ठरवता यावं म्हणून एक नर्स ठेवायची, अशी योजना होती. योजना चांगली होती. समितीत सात जण होते आणि सातही पुरुष. महिला प्रतिनिधित्वाचा प्रश्न निघाला तेव्हा खाद्यपदार्थ उपसमिती संपूर्णपणे महिलांची आहे याची नोंद करण्यात आली.

मदत देऊ करणाऱ्या एका अमेरिकन फाउंडेशननं अट घातली की आधी गावात पाहणी करा, आणि पाहणीची प्रश्नावली आधी थोड्या बायकांवर तपासून घ्या. डॉक्टरांचा मला फोन आला.

"मृणालिनीवहिनी, तुम्ही सायन्सच्या ना?"

"हो. बायोकेमिस्ट्री."

"वा! आणि अक्षरही छान आहे तुमचं. मराठी टाइपरायटर कुठे मिळायचा इथे! आम्ही केलेली प्रश्नावली तेवढी लिहून द्या."

म्हणजे माझी निवड अक्षरावर झाली होती. मी लायब्ररीतून पाहणीशास्त्रावरची दोन पुस्तकं आणली, प्रश्न स्वतः तयार केले आणि लिहूनही दिले. प्रश्न बदलल्याचं समितीच्या लक्षात आलं नाही. अक्षर आवडलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण फॉर्म मोजायला मी रविवारी सकाळी टेबलाशी बसले होते तेव्हा टेबलावर आणखी एक कागद होता. युनिव्हर्सिटीनं मला पीएच.डी.ला प्रवेश दिला होता, असिस्टंटशिपसकट, म्हणजे फी माफ आणि वर पगार. होकार मंगळवारपर्यंत, पंधरा एप्रिलच्या आत कळवायचा होता. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल, असिस्टंटशिप ढकलता येणार नाही, असं त्यांनी माझ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिलं होतं. पुण्यात दोन वर्षं कॉलेजात शिकवून मी इथे आले त्याला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत माझ्या हातून जे प्रयोग झाले ते बहुतेक दही लावण्याचे होते. मिशिगनच्या जानेवारीत ते सोपं नसतं, पण त्यावर पदवी मिळत नाही.

शैलेंद्र, माझा नवरा, चांगला माणूस आहे. हे मी उपरोधानं म्हणत नाही. तो व्हॅक्यूम करतो, आमच्या मुलीला, दीपाला, पोहायला नेतो आणि प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी तो आम्हाला पिझ्झा खायला घेऊन गेला होता. "ग्रेट न्यूज, यार!" असं म्हणून त्यानं पिझ्झाचा पहिला तुकडा मला दिला आणि दुसरा तुकडा खाताना म्हणाला, "डिफर करता येतं ना पण?"

कारण त्याचं दुसऱ्या मुलाचं वेळापत्रक तयार होतं. तो गाड्यांच्या उत्पादनाचं नियोजन करतो. नवं मॉडेल बाजारात आणायचं तर कोणतं काम कशाआधी व्हायला हवं, हे चौकोन आणि बाण काढून ठरवायचं हा त्याचा व्यवसाय. त्यानं घरीही तसाच तक्ता केला होता. बाळंतपण मार्च ८७. त्याच्या आईला सहा महिन्यांचा व्हिसा मिळणार. बर्फ वितळता वितळता तिनं यायचं, बाळंतीण आणि बाळ सांभाळायचं आणि गणपतीच्या आत परत जायचं. मागे जाता जाता तक्ता पुढच्याच महिन्यापाशी येत होता. तिथे एक चौकोन होता: 'मृणालिनी, गोळ्या बंद, १ मे'. त्या चौकोनातून चार बाण निघत होते. त्याच्याकडे येणारा एकही नव्हता. म्हणजे त्याआधी काही व्हायला हवं, उदाहरणार्थ मला विचारणं, असं नियोजनात नव्हतं.

मला दुसरं मूल नको होतं. हे मला चौदा महिन्यांपासून माहीत होतं. तेवढ्या काळात शैलेंद्रनं हा विषय निदान वीस वेळा काढला आणि मी वीसही वेळा "पाहू" म्हणाले. 'पाहू'चा अर्थ त्यानं 'हो' असा लावला. त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही, कारण 'नको' हा शब्द मी एकदाही वापरलाच नव्हता. मार्चमध्ये त्याच्या आईचा पासपोर्ट तयार झाल्याचं पत्र आलं. त्यात दुपट्यांची संख्या कळवली होती.

तर शनिवारी, पाडव्याच्या कार्यक्रमात, प्रश्नावलीची पूर्वचाचणी झाली. मंडळाला हॉल परवडतो तो एका चर्चच्या तळघरातला. पडद्याच्या दांड्याला खण बांधून गुढी उभी केली होती. बायका आतल्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. मी प्रत्येकीच्या हातात फॉर्म दिला आणि शक्यतो एकटीनं भरा, असं सांगितलं. पिठाच्या हातांनी त्यांनी तो घेतला आणि दारातून बाहेर पाहिलं.

बाहेर त्यांचे नवरे बसले होते. आणि ते दिवस होते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातले. पंधरा तारखेच्या आत टॅक्सचे कागद जायचे असतात, त्यामुळे पुरुषांचा फॉर्म भरण्याचा हात अगदी चालता होता. आमच्याकडे घरातले सगळे फॉर्म पुरुषच भरतात: टॅक्सचे, विम्याचे, ग्रीनकार्डाचे, मुलांच्या शाळेचे. बायको सही करते. फॉर्म दिसला की नवऱ्याचा हात खिशाकडे जातो, त्यात दुष्टपणा नसतो.

"दे इकडे," सुलेखाचा नवरा गिरीश म्हणाला. "तू पुऱ्या बघ. दोन मिनिटांत करतो."

सुलेखानं फॉर्म दिला. ती माझी मैत्रीण. मॉलमध्ये अत्तरांच्या काउंटरवर काम करते. थोड्या वेळानं गिरीशनं हॉलच्या त्या टोकाहून हाक मारली.

"अगं, शिक्षण काय लिहू तुझं? बी.एस्सी. ना?"

"एम.एस्सी.!" सुलेखा झाऱ्यासकट दारात आली. "ऑर्गॅनिक केमिस्ट्री. फर्स्ट क्लास."

"हो? केव्हा केलंस?"

"लग्नाच्या आधी. तू पेढे खाल्ले होतेस."

लोक हसले. गिरीशही हसला. त्यानं खोडरबरानं व्यवस्थित खोडून दुरुस्ती केली. त्याला मी काही म्हटलं नाही. मी कोणालाच काही म्हटलं नाही, हे इथे नोंदवायला हवं. मी पेनांची पिशवी हातात धरून दारात उभी राहिले आणि एकोणीस पुरुषांना आपापल्या बायकांची मतं लिहिताना पाहिलं.

रविवारी सकाळी मी ती मतं मोजली.

"मॉमी, आर यू ग्रेडिंग?" दीपानं विचारलं. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

"हो."

"डिड दे पास?"

"सगळे पास," मी म्हणाले.

खरंच सगळे पास होते. प्रश्न सतरावा: 'मूल केव्हा आणि किती, हे घरात कोण ठरवतं?' पेन्सिलीच्या एकोणीस फॉर्मांत एकमुखानं 'दोघे मिळून'. प्रश्न एकविसावा: 'काम करून कमवायचं असेल तर कोणाची परवानगी लागते?' एकोणीस जणींना कोणाचीही लागत नव्हती. सुलेखाच्या फॉर्मवर गिरीशनं कडेला अधिक माहिती दिली होती: 'लागत नाही. मी दिलेली आहे.' हळदीचा ठसा असलेल्या फॉर्मवर सतराव्या प्रश्नापुढे खूणच नव्हती. निळ्या शाईत लिहिलं होतं, 'ह्यांना विचारून सांगते.'

सोळावा फॉर्म माझा होता. मी पेन वाटत उभी होते तेव्हा शैलेंद्रनं तो भरून टाकला होता, मला त्रास नको म्हणून. प्रश्न सतरावा: दोघे मिळून. प्रश्न अठरावा, 'पुढचं मूल केव्हा हवं?' याच्यापुढे त्यानं ड्रॉइंगवर लिहितात तशा सुबक इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं: मार्च ८७.

मी तो फॉर्म बाजूला काढला नाही. नमुन्यातली नोंद न आवडल्यामुळे काढून टाकता येत नाही.

दुपारी समितीची बैठक डॉक्टरांच्या घरी, नोव्हाय या उपनगरात होती. मला निष्कर्ष सांगायला बोलावलं होतं आणि शैलेंद्र समितीचा चिटणीस होता. सुलेखाही आली होती, कारण गिरीश समितीत होता आणि चहाला मदत लागणार होती.

मी कागद वाचून दाखवला. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले.

"फँटास्टिक! म्हणजे बघा, आपल्याकडे हा प्रॉब्लेमच राहिलेला नाही. एज्युकेशनचा परिणाम!"

"डॉक्टर, हे फॉर्म पुरुषांनी भरलेत," मी म्हणाले.

"कशावरून?"

"पेन्सिलीवरून. शिवाय मी पाहिलं."

गिरीश म्हणाला, "पण वहिनी, त्यानं काय फरक पडतो? त्यांनी भरले असते तरी उत्तर तेच आलं असतं."

"ते तपासता येणार नाही आता," मी म्हणाले.

"ठीक आहे, ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पूर्वचाचणी कशासाठी असते? चुका कळाव्यात म्हणून. मेथडमध्ये सुधारणा करू. शैलेंद्र, लिहून घे. आंबेखुर्दला मुलाखत घेताना नवऱ्याला घराबाहेर बसवायचं. कंपल्सरी! तो आत असला की ती बिचारी खरं बोलणारच नाही."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सातही हात वर गेले. शैलेंद्रनं डाव्या हातानं मत दिलं, उजव्यानं तो लिहीत होता.

"मग इथे पण एकदा तसंच करू या की," चहाचा ट्रे घेऊन आलेली सुलेखा म्हणाली.

"इथे कुठे बाहेर बसवणार, सुलेखावहिनी?" डॉक्टर हसले. "मिशिगनमध्ये? गोठून मरतील!"

सगळे हसले. सुलेखानं ट्रे ठेवला. मी कप उचलायच्या निमित्तानं तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. तिथे डॉक्टरांच्या पत्नी, वसुधावहिनी, चकल्यांचा डबा उघडत होत्या.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"नवऱ्यांना बाहेर बसवायचं. तिकडच्या."

"छान." त्यांनी एक चकली मोडून बघितली. "आम्हाला चार झाली. मला विचारलं असतं तर दोनवर थांबले असते. पण विचारायचं असतं, हे मला त्या स्लाइड्स बघून कळलं बाई."

"वहिनी!" सुलेखा म्हणाली.

"चारही गुणी आहेत हं. धाकटा तर फार. ते नाही म्हणत मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय ग? शैलेंद्र परवा फोनवर ह्यांना सांगत होता, मार्चात आहे म्हणून. एवढं आधी कसं कळलं तुला?"

"मला कळलं नाही," मी म्हणाले. "तक्त्यात आहे."

त्या दोघी एकमेकींकडे बघायच्या आधीच बाहेरून डॉक्टरांची हाक आली.

त्यांना एक कल्पना सुचली होती. नवी पद्धत कशी चालते हे बघायला एक नमुना मुलाखत करायची. "मृणालिनीवहिनी, तुम्ही प्रश्न लिहिलेत, तुम्हीच गावातली बाई व्हा. सुंदराबाई. वय बावीस. मी मुलाखत घेतो. आणि शैलेंद्र, तू नवरा. चल, बाहेर!"

"आत्ता?" शैलेंद्र म्हणाला. "चाळीस फॅरनहाइट आहे बाहेर."

"मेथड इज मेथड!"

शैलेंद्र खेळकर आहे. तो उठला, धोतर सावरल्याचा अभिनय केला आणि घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी सरकतं काचेचं दार बंद केलं. कोट न घालता तो काचेपलीकडे हात चोळत उभा होता आणि मला बघून त्यानं हात हलवला. सुलेखा आणि वसुधावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी माझंच अक्षर समोर धरलं.

"हं, सुंदराबाई. प्रश्न सतरा. मूल केव्हा आणि किती, हे तुमच्या घरात कोण ठरवतं?"

"नवरा."

"व्हेरी गुड," डॉक्टर समितीला म्हणाले. "बघितलंत? तो बाहेर गेला की लगेच खरं येतं. अठरा. पुढचं मूल केव्हा हवं?"

"नको."

"म्हणजे सध्या नको. गिरीश, लिही, सध्या—"

"सध्या नाही. नकोच."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, जरा रिअलिस्टिक ठेवा. खेड्यातली बाई असं धाडकन नाही सांगणार. ती लाजेल, इकडेतिकडे बघेल, पाहू म्हणेल."

"चौदा महिने तेच म्हणतेय," मी म्हणाले.

"कोण? सुंदराबाई?"

"सुंदराबाईला मी ओळखत नाही, डॉक्टर. मी माझं सांगते आहे."

गिरीशची पेन्सिल थांबली. "पण वहिनी, तुमचा फॉर्म तर भरलेला आहे," तो म्हणाला. त्याचा गोंधळ अगदी खरा होता.

"भरलेला आहे. मी भरलेला नाही."

"मग हे शैलेंद्रला..." डॉक्टरांनी काचेकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. त्या आवाजानं ते रोज माणसांना दहापासून उलटे आकडे मोजायला लावतात. "हे बघा, हे घरी जाऊन शांतपणे डिस्कस करा. प्रायव्हेट मॅटर आहे. अशी घाई करू नये."

"तुम्ही ऐंशी स्लाइड्स दाखवल्यात, डॉक्टर," वसुधावहिनी दारातून म्हणाल्या. "बोलू दे तिला."

मी उठले. दाराची कडी सवयीच्या उलट दिशेला होती, त्यामुळे ती दोनदा ओढावी लागली. गार वारा आत आला.

"झालं?" शैलेंद्र दात वाजवत म्हणाला. "पास झाली का आमची सुंदराबाई?"

"शैलेंद्र, मला दुसरं मूल नको आहे," मी म्हणाले. "या वर्षी नको असं नाही, मला नकोच आहे. आणि युनिव्हर्सिटीला मी उद्या हो कळवणार आहे."